पळवलेला अर्थ

४ नोव्हेंबर, सोमवार

मोठ्या बाईंनी आज मला भाषेची शिक्षिका करून टाकलं. मी आयुष्यभर पीटी शिकवत आले. गळ्यात शिट्टी, पर्समध्ये क्रेप बँडेज, आणि पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या पानावर डोळा लागतो. पण नववीच्या भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्यात आणि बदली माणूस काही मिळेना. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. उंचीला माझ्या खांद्याला लागतात. त्या म्हणाल्या, "तुमचा आवाज मोठा आहे. नववी ब तुमचं ऐकते."

"ऐकते, पण वाचत नाही," मी म्हणाले.

"तेच तर शिकवायचंय."

वरून वाचन-आकलनाचे नवे निकष आलेत. नववीच्या पोरांना काय काय समजलं पाहिजे ते सगळं त्यात लिहिलंय. अठ्ठावीस तारखेला तपासणी साहेब येणार, आणि नववी ब निकषाला उतरली नाही तर वर्षभर मैदानाचा तास रद्द करून तिथे वाचनाचा तास. माझा तास. माझ्याच हातून माझाच गळा कापायची ही व्यवस्था आहे.

निकषांचा कागद घरी आणून वाचला. झेरॉक्स इतकी फिकट की जणू भीत भीत काढलीय. शेवटचा निकष सगळ्यात महत्त्वाचा, खाली रेघ मारलेली: "विद्यार्थ्यास अपरिचित उतारा वाचून त्यातील अ—हृत अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता यावा." मधल्या अक्षरावर कुणीतरी चहाचा पेला ठेवला होता. मी संदर्भाने लावलं. अपहृत. म्हणजे पळवून नेलेला. उताऱ्यातला पळवलेला अर्थ शोधायचा. हे मला जमण्यासारखं आहे.

आमच्या ह्यांना विचारणार होते, पण हे दातांच्या कवळ्या करतात, त्यांना भाषेतलं काय कळणार. शिवाय ते वरती गेले होते. वरती म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, माझ्या ताईकडे. माझं आणि ताईचं बोलणं बंद आहे, ह्यांचं नाही. हे कुणाशीच फारसं बोलत नाहीत, त्यामुळे बंद करायला काही उरत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

शिट्टी वाजवून तास सुरू केला. फळ्यावर लिहिलं: अर्थाचं अपहरण. मागच्या बाकावरचे दोघे जागे झाले, ही मोठीच गोष्ट.

सांगितलं की उताऱ्यात एक अर्थ असतो, तो कुणीतरी पळवतो आणि लपवून ठेवतो. आपण शोधपथक.

एक मुलगा आहे, त्याचं नाव सगळ्यांनी शंका ठेवलंय. तो उठला. "बाई, पळवतो कोण?"

मी विचार केला नव्हता. म्हटलं, "तूच सांग."

"लेखकच असणार. त्यालाच माहीत असतं ना, अर्थ कुठे होता ते."

मग मॉनिटर म्हणाली, "म्हणजे घरचाच माणूस." पोरं खूश. मग पुस्तकातला समुद्राच्या मिठावरचा उतारा दिला. सगळ्यांनी तो तीन तीनदा वाचला, जे आजवर कधी घडलं नसेल, आणि शेवटी शंका निराश होऊन म्हणाला, "बाई, ह्यात काहीच पळवलेलं नाही. सगळं जागच्या जागी आहे."

खरंच होतं. मीठ सोडून काहीच नव्हतं त्यात.

७ नोव्हेंबर, गुरुवार

शाळेत ठीक. घरी ताप.

आम्ही तळमजल्यावर, जिन्याला लागून. ताई बाहेरून आली की वर जायच्या आधी आमच्या दाराशी थांबते. कठडा धरून उभी, चांगली दहा मिनिटं. आमच्या घरात काय बोलतात ते ऐकायला. आज मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "लोकांना कामं नाहीत." तरी हलली नाही. उतरतानाही तसंच. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत, मंडपात चाललेल्या नवरीसारखी.

भांडण कशावरून झालं ते इथे एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको. लुडो. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे खेळत होतो. मला सहा हवे होते. मी टाकला, फासा पलंगाखाली गेला. मी वाकून पाहिलं. सहा. ताई खुर्चीतून म्हणाली, "तीन असतील." मी म्हटलं, "खाली वाकून बघ." वाकली नाही. "मी नाही वाकणार," असं चक्क म्हणाली. आयुष्यभर मी पंचगिरी केली, माझ्या शिट्टीवर दोन दोन शाळांचे संघ थांबतात, आणि सख्खी बहीण माझ्या शब्दासाठी खुर्चीतून वाकायला तयार नाही. त्या दिवसापासून बंद.

आज तिने ह्यांच्या हाती माझी छत्री परत पाठवली. कधीकाळी नेली होती. मोडलेली काडी दुरुस्त करून घेतलीय. मी वस्तू मोडते असं सुचवायचंय, दुसरं काय.

९ नोव्हेंबर, शनिवार

पालकांना चिठ्ठी दिली होती: "नववी ब च्या प्रत्येक विद्यार्थ्यास दर शनिवारी एक उतारा देण्यात येईल. पालकांनी तो घरी पूर्ण करून घ्यावा."

मधल्या सुट्टीत एक वडील धापा टाकत आले. किराणा दुकान आहे त्यांचं, हाताला पीठ तसंच. "बाई, पोराने खाल्लं काय?"

"कुणी काय खाल्लं?"

"उतारा देणार म्हणता ना. कशावरचा? विषबाधा झाली का शाळेत? आणि जेवणाआधी द्यायचा की नंतर?"

मी त्यांना कागद दाखवला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "हा वाचायचा आहे होय," म्हणाले, आणि इतके सुटल्यासारखे दिसले की मला राग येईना. जाताना म्हणाले, "पण आमच्या पोराला दोन द्या, त्याला एकाने काही होत नाही."

१३ नोव्हेंबर, बुधवार

पुस्तकातल्या उताऱ्यांत काही लपवलेलं नसतं, म्हणून मीच एक लिहिला. एका गोलकीपरबद्दल. सामना संपतो, सगळे संघाला खांद्यावर घेतात, आणि ती एकटी हातमोजे काढायला फार वेळ लावते. प्रश्न: अर्थ कुठे लपवलाय?

आमच्या वर्गातली गोलकीपर, जी गुडघ्याला पट्टी बांधून गेला महिनाभर मैदानाच्या कडेला बसलीय, तिने लिहिलं, "हातमोज्यांत. ती हातमोजे काढत नाहीये, रडू आवरतेय."

मी लिहिताना तिचे हातमोजे घट्ट झालेत असं धरलं होतं. पण हे जास्त चांगलं आहे. गुण दिले.

आता पोरं रोज नवा उतारा मागतात. माझ्याकडचे गोलकीपर संपले.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर कुंड्या. ताईच्या गॅलरीतल्या सगळ्या, ओल्या मातीसकट, पाणी घालायचं भांडंही शेजारी. मला जाता येऊ नये म्हणून वाट अडवली. ह्यांना म्हटलं, "बघा." हे म्हणाले, "जास्वंदीला दोन दिवसांनी पाणी लागतं," आणि सगळ्या कुंड्या आत घेऊन ओळीत लावल्या. ह्यांना टोमणा कळत नाही.

ह्यांची पाठ धरलीय. बसून बसून. कवळ्यांचं काम फार वाईट, सतत वाकून. मी शेकायला पिशवी दिली. आठवडाभर रोज संध्याकाळी चांगले घामाघूम होऊन येतात.

उताऱ्याचा प्रश्न मात्र सुटला. ताईवरच लिहिते. नातं बदलून टाकलं, शेजारीण केलं, म्हणजे कुणाला पत्ता लागणार नाही. ती दाराशी कशी उभी राहते, जिना कशी उतरते, छत्री, कुंड्या, आमची पुरणयंत्राएवढी जुनी चाळणी तिने कशी घासूनपुसून परत केली, पलंग कसा विकून टाकला, आणि तो लुडो. सगळं जसंच्या तसं. प्रश्न: "शेजारीण असं का वागते?" उत्तर मी आधीच लिहून ठेवलंय: खोड काढायला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझं डोकं फिरलं. सगळ्या वर्गाने एकच उत्तर लिहिलं. "शेजारीण घर सोडून चाललीय."

सगळ्यांना शून्य दिलं आणि कॉपी केल्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. शंका पळता पळता विचारतो, "बाई, पण खोड काढायला कुणी छत्री दुरुस्त करून देतं का?"

"माणसं फार खोल असतात," मी म्हणाले.

"आणि पलंग विकून ती झोपते कशावर?"

मी शिट्टी वाजवली. काही प्रश्नांना शिट्टी हेच उत्तर असतं.

मॉनिटरने तर पुढे लिहिलं होतं, "तिला जायच्या आधी बोलायचं आहे, पण आधी कोण बोलणार यावर अडलंय. वस्तू परत करणं म्हणजेच बोलणं." हे असलं काहीतरी सिनेमात बघतात.

फक्त गोलकीपरचं उत्तर वेगळं. तिने एकच ओळ लिहिली: "तिचे गुडघे दुखतात." हे तर कुठल्या कुठे. तिलाही शून्य. ज्याचं त्याला दिसतं, दुसरं काय.

ह्यांनी जेवताना तो गठ्ठा चाळला. कधी नव्हे ते म्हणाले, "पोरं हुशार आहेत."

"सगळी चुकलीत," मी सांगितलं.

ह्यांनी गठ्ठा नीट रचून ठेवला. मग म्हणाले, "तू एकदा वर जाऊन ये ना."

"आधी ती खाली येऊ दे." हे पाठ चोळत उठून गेले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

ताईचं लोखंडी कपाट जिन्यातून खाली आलं. एक टोक हमालाने धरलेलं, दुसरं आमच्या ह्यांनी. मी दारात उभी. "हे काय?"

"शेजारधर्म," हे कपाटाच्या मागून म्हणाले.

नवीन कपाट घेणार असेल. पेन्शन वाढली की माणसाला ऐट सुचते. ताई वरून कठड्यावरून बघत होती. आमची नजरानजर झाली. ती काहीतरी म्हणणार असं वाटलं. मी कुंड्यांना पाणी घालायला आत आले. पाणी कालच घातलं होतं.

मग उगाच हुरहुर लागली. का ते कळेना. बहुतेक तपासणीची.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

एक टेम्पोवाला दार वाजवून विचारतो, "गुरुवारी संध्याकाळी गाडी इथे लावली तर चालेल का?" म्हटलं, हे काय वाहनतळ आहे? तो म्हणाला, "वरच्या आजींनी सांगितलंय तुम्हाला विचारून घ्यायला." बघा, स्वतः विचारायला तोंड नाही, माणसं पाठवते. मी लाव म्हटलं. अडवणूक मी करत नाही.

हेही उताऱ्याच्या शेवटी जोडलं आणि वर्गाला वाचून दाखवलं. कुणीतरी अगदी हळू म्हणालं, "गुरुवारी." एरवी ह्या पोरांना वार आठवत नाहीत.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दमलेय, पण आजच लिहिते.

तपासणी साहेब शेवटच्या तासाला आले. बारीक माणूस, सर्दीने बेजार, हातात रुमाल. निकषांचा स्वच्छ, डाग नसलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि वर्गाला विचारलं, "अध्याहृत अर्थ म्हणजे काय?"

मी टेबलाकडे पाहिलं. अ, ध्या, हृत. तीन आठवडे मी एका चहाच्या डागावर शिकवत होते.

शंका उभा राहिला. "साहेब, तुम्हाला अपहृत म्हणायचंय."

"असं?"

"लेखकाला तो माहीत असतो, पण तो सांगत नाही. पळवून लपवतो. फक्त जाताना खुणा सोडतो. खुणा गोळा केल्या की अर्थ सापडतो. कधी कधी लेखकालाच माहीत नसतं की त्याने काय पळवलंय." हे शेवटचं मी शिकवलं नव्हतं.

साहेबांना शिंक आली. मग आणखी एक. रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "अध्याहृत म्हणजे न सांगता धरून चाललेला. पण तुमची व्याख्या मी लिहून घेतो."

मग त्यांनी वर्गाने सोडवलेला उतारा मागितला, तो शेजारणीचा. उभ्यानेच वाचला. उत्तरपत्रिका चाळल्या. "सगळ्यांना शून्य का?"

"उत्तर चुकलंय, साहेब. ती खोड काढते."

"बाई," ते म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता, तेच वाईट, "ही बाई घर सोडून चाललीय. टेम्पोसुद्धा ठरलाय. नववी निकषाला उतरली. शिक्षकांसाठी निकष नाहीत हे तुमचं नशीब." मग त्यांनी गोलकीपरचा पेपर वर काढला. "आणि ही एकटी कारणापर्यंत पोचली. दाराशी थांबते ती दम घ्यायला. एका पायरीवर दोन पाय ठेवते. खुर्चीतून वाकत नाही. गुडघे."

गोलकीपर कडेच्या बाकावर होती, पट्टी बांधलेला पाय बाहेर काढून. मला म्हणाली, "बाई, आज गुरुवार ना?"

बावीस वर्षं मी गुडघे बघतेय. चालताना मुलाचा पाय कसा पडतो यावरून सांगते, उजवा दुखतो की डावा. आणि सख्ख्या बहिणीला म्हणाले होते, खाली वाकून बघ.

मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. शिट्टी तोंडात होती. फाटक ओलांडलं तेव्हा मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर सगळी नववी ब, दोन-दोनच्या रांगेत. शिट्टी वाजली की पळायचं, एवढं मात्र मी नीट शिकवलंय.

टेम्पो दाराशीच होता, भरलेला. ताई फुटपाथवर खुर्चीत बसलेली, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ. मी टेम्पोसमोर उभी राहून शिट्टी फुंकली. ड्रायव्हरने घाबरून चावी काढून घेतली.

"कुठे चाललीस?" मी विचारलं.

"धाकट्या मुलाकडे. तिथे लिफ्ट आहे." माझ्या मागची रांग बघून म्हणाली, "आणि हे कोण?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की. छत्री दिली, चाळणी दिली, कुंड्या दिल्या. टेम्पोवाल्याला तुझ्या दारात पाठवला. आणखी काय, दवंडी पिटायची?"

"तोंडाने सांगायचं."

"बोलणं तू बंद केलंस."

"गुडघे कधीपासून?"

तिने मांडीवरचं घड्याळ सरळ केलं. "लुडोच्या आधीपासून."

मला रडू आलं. मैदानावर मी रडत नाही, पण हा रस्ता होता. मी तिथेच खाली बसून तिचे गुडघे हातात घेतले. उजवा जास्त सुजलाय. पोरं आकाशाकडे बघत होती, निकषाबाहेरचं काही दिसलं की बघतात तशी.

"तू जाऊ नकोस," मी म्हणाले. "तू खाली ये, आमच्या घरात. आम्ही वर जातो. मला जिना म्हणजे व्यायाम."

"आणि तुझ्या ह्यांचं काय? त्यांना विचारलंस?"

"हे काही बोलत नाहीत."

"बोलतो," टेम्पोच्या मागून आवाज आला. हे कुंडी धरून उभे. "मला चालेल. ताईंना मी हेच सुचवलं होतं. त्या म्हणाल्या, तिने स्वतःहून म्हटलं तरच."

ताई म्हणाली, "लवकर म्हणालीस." नाक पुसायला तिने ह्यांचा रुमाल घेतला.

मग मी पुन्हा शिट्टी वाजवली. निम्मी पोरं टेम्पो रिकामा करायला, निम्मी आमचं सामान वर न्यायला. गोलकीपर मागून लंगडत पोचली, ताईशेजारी खुर्ची घेऊन बसली आणि पट्टी कशी बांधायची ते दाखवू लागली. किराणावाले वडील मुलाला शोधत आले आणि आमच्या कपाटाचं टोक धरून वर गेले. कशासाठी, ते त्यांनी विचारलंच नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

मैदानाचा तास राहिला. साहेबांच्या शेऱ्याची प्रत आली: "विद्यार्थी निकषाच्या पुढे. शिक्षिका प्रगतिपथावर." मोठ्या बाईंनी तो दोनदा वाचून दाखवला.

उत्तरपत्रिका पुन्हा तपासल्या. सगळ्यांना पूर्ण गुण, गोलकीपरला त्याहून एक जास्त. मॉनिटर म्हणाली असं देता येत नाही. म्हटलं, आता येतं.

तिसऱ्या मजल्यावरून मैदान दिसतं, हे इतक्या वर्षांत ताईने कधी सांगितलं नाही. ह्यांच्या पाठीला आराम आहे. कुंड्या पुन्हा वर आल्या, कारण खाली ऊन नाही.

ताईशी ठरलंय की काम असेल तर तिने पाण्याच्या पाइपवर पळी वाजवायची. तीनदा वाजली तर सावकाश ये, सहादा वाजली तर लगेच ये. आज दुपारी वाजली. तीनदा. म्हणून मी केस विंचरले, चहा घेतला आणि मग उतरले.

ताई दारात उभी, कमरेवर हात. "किती वेळ. सहादा वाजवली."

मी तोंड उघडलं. मग तिच्या गुडघ्यावरची पट्टी पाहिली, चांगली घट्ट बांधली होती, आणि तोंड मिटलं.

"लगेच ये म्हणजे काय काम होतं?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. टेबलावर लुडो मांडलेला होता. पलंग विकल्यामुळे फासा आता कशाखालीच जाणार नव्हता.